सव्वातीन तासांवरून

मदुरा, पश्चिम ऑस्ट्रेलिया
सोमवार, १६ सप्टेंबर २०२४

ती. नाना आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

नाना, आधी खुर्चीत बसा. दादा, तू हे मोठ्यानं वाचतोयस ना? मग इथं थांब, आईला स्वयंपाकघरातून बोलाव, गॅस बंद करायला सांग आणि मगच पुढं वाच.

मी खोटं बोलले. कालगुर्लीच्या सहा महिन्यांच्या नोकरीसाठी मी विमानानं जाणार आणि स्कूटर मागून ट्रकमधून येणार, असं तुम्हाला सांगितलं होतं. तसं काही झालं नाही. स्कूटर माझ्याच खाली आहे. अ‍ॅडलेड सोडून आज सहावा दिवस, साडेचौदाशे किलोमीटर झाले आणि अजून सातशेच्या वर बाकी आहेत. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मला दोन वाक्यंसुद्धा बोलू दिली नसतीत. शिवाय इथं बऱ्याच ठिकाणी फोन लागतही नाही. म्हणून कागदावर लिहिते. रेंज मिळाली की पानांचे फोटो दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकीन, आणि मूळ पत्र नॉर्समनच्या पोस्टात.

आता ओरडून झालं असेल तर आजचा दिवस सांगते. सगळे दिवस सांगत बसले तर इथलं लिहायचं पॅड संपेल.

काल रात्री नलरबोर रोडहाऊसला मुक्काम होता. रोडहाऊस म्हणजे पेट्रोलपंप, खानावळ आणि मागं ओळीनं आठदहा खोल्या, सगळं एकाच मालकाचं. आजूबाजूला गाव नाही. ‘गाव नाही’ म्हणजे आपल्या भोसे-सोनीसारखं छोटं गाव असंही नाही. एक घरसुद्धा नाही. पुढचं रोडहाऊस सरहद्दीवर, सुमारे १८५ किलोमीटरवर. मिरजेहून साताऱ्याच्या पुढं जाईपर्यंत एक टपरी नाही, एक वडाचं झाड नाही, एसटीचा थांबा नाही, असं डोळ्यांपुढं आणा.

नलरबोर हे नाव लॅटिनवरून पडलंय, एकही झाड नसलेलं असा त्याचा अर्थ. मैदान दोन लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश, आणि खाली सगळी चुनखडी. पाणी वर थांबतच नाही, मुरून जातं. खरं सांगायचं तर हायवे त्या मैदानाच्या दक्षिणेच्या कडेकडेनंच जातो, आणि अगदी झाडच नाही असा पट्टा रोडहाऊसच्या आसपास थोडाच आहे. बाकी सगळीकडं गुडघ्याएवढी राखाडी झुडपं. पण त्या थोड्या पट्ट्यातसुद्धा आज सकाळी मला आपण परातीत ठेवलेल्या मोहरीच्या दाण्यासारखं वाटत होतं.

आठ वाजता निघाले. त्याआधी निघायचं नाही हे इथं सगळ्यांनी बजावलंय, कारण उजाडताना आणि मावळताना कांगारू रस्त्यावर येतात. रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी आहे, तिच्यावर उंट, वॉम्बॅट आणि कांगारू अशी तिघांची चित्रं. चिनूला सांगा, उंटाची पाटी खोटी नाही. इथले उंट आपल्याकडचेच. १८६० साली एका मोठ्या मोहिमेसाठी कराची बंदरातून चोवीस उंट आणले, पुढं हजारोंनी आले, आणि मोटारी आल्यावर ते मोकळे सोडून दिले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे कागदोपत्री ते उंट आपल्याच सरकारचे! मला मात्र अजून एकही दिसला नाही. दिसली ती लेंडकं.

निघण्याआधी रोजचं तुमचं शास्त्र केलं. चाकांचे नट पान्यानं तपासले. हवा बघितली. स्टेपनीतलीसुद्धा, कारण ‘स्टेपनीत हवा नसली तर ती नुसती ओझं’ हे तुमचं वाक्य कानात बसलंय. ब्रेकची वायर, क्लचची वायर. क्लचच्या दांडीजवळ चार आण्याचं नाणं बसेल एवढी फट, तीही बघितली. शेजारच्या खोलीतला एक जाडा ट्रकवाला कॉफीचा मग घेऊन हे सगळं बघत उभा होता. त्यानं विचारलं, हे कुठं शिकलीस? मी म्हटलं, माझे वडील सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यानं मान हलवली, जशी तुम्ही बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचं नाव ऐकून हलवायचात.

नाना, तुम्हाला आठवतं का? कॉलनीच्या मैदानात चेतक शिकवलीत तेव्हा दादाला तीन दिवसांत रस्त्यावर सोडलंत. मला मात्र प्लग साफ करून दाखव, क्लचवायर बदलून दाखव, एकटीनं चाक काढून स्टेपनी लावून दाखव, मगच फाटकाच्या बाहेर. मी तेव्हा महिनाभर आईजवळ कुरकुर केली होती. दादाला हे काहीच येत नाही, ते तो आता वाचताना कबूल करणार नाही. ती कुरकुर आज मागं घेते.

माझी ही जुनी व्हेस्पा म्हणजे आपल्या चेतकचीच थोरली बहीण. तोच पत्र्याचा देह, डाव्या हातात तेच गिअर, तोच उजवीकडं पोटाला इंजिन लटकवल्यासारखा भार. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. टाकी आठ लिटरची. अ‍ॅडलेडमध्ये लिटरला अठ्ठावीस जाते, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. हा हिशेब घरी कागदावर फार सुरेख दिसत होता.

पण वारा. इथं हिवाळ्याच्या शेवटाला पश्चिमेचा वारा सुटतो आणि मी पश्चिमेलाच चाललेय. चढ नाही, घाट नाही, वळण नाही, आणि तरी गाडी तिसऱ्या गिअरला येते. अंगाला भिंत लावल्यासारखी. ताशी सत्तरच्या वर काटा जाईना. डावीकडं अधूनमधून समुद्राकडं जाणारे फाटे लागतात. त्यातल्या एका फाट्यावरून जाऊन कडा बघून आले. तिथं जमीन एकदम संपते. पायऱ्या नाहीत, उतार नाही. सुरीनं केक कापावा तसा ६० ते १२० मीटर खोल सरळ कडा आणि खाली दक्षिण महासागर. तिथून दक्षिणेला थेट अंटार्क्टिका. हा सगळा किनारा मूळचा मिर्निंग लोकांचा. काल अलीकडच्या एका ठिकाणी देवमासे बघितले, माद्या पिलं घेऊन मेपासून ऑक्टोबरपर्यंत इथं राहतात. एक पिलू आईच्या पाठीवर चढून घसरत होतं, चिनू तुमच्या पोटावरून घसरतो तसं.

तर १४१ किलोमीटरला गाडीनं उचकी दिली. दुसऱ्या उचकीला मी हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर फिरवला, न बघता, चालत्या गाडीवर. ते हातांना आपोआप येतं अजून. मग मनात हिशेब. साडेसहा लिटरला १४१, म्हणजे लिटरला बावीससुद्धा नाही. रिझर्व्ह दीड लिटर, म्हणजे बत्तीस किलोमीटर. जायचंय चव्वेचाळीस. बारा कमी.

घाबरू नका, माझ्याजवळ पाच लिटरचा कॅन होता. पण तो उघडायची वेळ येणार नाही असं मी धरून चालले होते, आणि धरून चाललेलं चुकलं की पोटात जे होतं ते झालं. खडीवर गाडी घेतली. इंजिन बंद केल्यावर कळलं, इथं आवाजच नाही. वारा होता, पण वाऱ्याला आवाज व्हायला काहीतरी हलावं लागतं ना, ते हलायलाच काही नाही. हेल्मेटच्या पट्ट्याची फडफड तेवढी.

कॅनमधून चार लिटर वापरायचं ठरवलं. दोन टक्क्यांनी ऐंशी मिली ऑइल. मोजायला माझ्याकडं आमच्या वॉर्डातले औषधाचे प्लास्टिकचे छोटे कप आहेत, तीस मिलीचे, रेघा मारलेले. ज्या कपातून मी सहा वर्षं म्हाताऱ्या माणसांना खोकल्याचं औषध पाजलं त्याच कपानं स्कूटरला पाजत होते. पहिला कप ओतला. दुसरा ओतला. तिसऱ्यात वीसच्या रेघेपर्यंत ऑइल घ्यायचं म्हणून कप सीटवर ठेवला आणि बाटलीचं झाकण फिरवायला लागले, तेवढ्यात वाऱ्यानं कप उचलला. मी धावले त्याच्यामागं! हेल्मेट डोक्यावर, बाटली हातात, झुडपांतून उड्या मारत. तो प्रत्येक वेळी दोन पावलांवर थांबायचा आणि मी वाकले की पुन्हा सुटायचा. शेवटी एका झुडपात अडकला तेव्हा पकडला. एवढ्या जंगी देशात प्लास्टिकचा एक कप टाकून जायचा नाही, असा त्या क्षणी मला उगाचच हट्ट चढला होता.

परत वळले तर रस्त्यावर एक ट्रक हळू झालेला. इथल्या ट्रकना रोड ट्रेन म्हणतात. मागं दोन दोन डबे, लांबी छत्तीस मीटर. आपल्या एसटीच्या तीन गाड्या एकापुढं एक लावा. तो थांबवणं म्हणजे सोपं काम नाही. ड्रायव्हरनं खिडकीतून अंगठा वर करून प्रश्नार्थक मान हलवली. मीही कप धरलेल्या हाताचा अंगठा वर केला. त्यानं हॉर्न दिला आणि गेला. पाच सेकंदांचं सगळं.

सरहद्दीच्या पंपावर पोचले, हेल्मेट काढायच्या आत गल्ल्यावरची बाई म्हणते, “पुरलं का मग पेट्रोल?”

मी बघतच राहिले. ट्रकवाल्यांच्या केबिनमध्ये रेडिओ असतो, सगळे एकाच चॅनलवर बोलतात. निळ्या स्कूटरवर एक मुलगी आहे, झुडपांतून कशाच्या तरी मागं धावतेय, हे दोन तासांत दोन्ही दिशांना पसरलं होतं. सकाळच्या त्या जाड्या ट्रकवाल्यानं तर मागच्या सेडुना गावापासूनच सांगून ठेवलं होतं म्हणे, ही हळू जाते, मागून येताना लांबूनच बाजू द्या. मला वाटत होतं मी एकटी, कुणालाच पत्ता नाही, घरीसुद्धा नाही. आणि अख्ख्या रस्त्याला माहीत! नाना, मी कॉलेज बुडवून हरिपूरला संगमावर गेले होते तेव्हा मी घरी यायच्या आत तुम्हाला स्टेशनचौकातल्या टपरीवरून कळलं होतं. “का गं, कुठं हुतीस?” त्या बाईच्या तोंडात नेमका तोच सूर होता. तेव्हा राग आला होता. आज पैसे देताना डोळ्यांत पाणी आलं, मग वाऱ्यानं आलं म्हणून सांगितलं.

सरहद्द म्हणजे देशाची नव्हे, दोन राज्यांची. पण नाका आपल्या जकातनाक्यापेक्षा कडक. पश्चिम ऑस्ट्रेलियात फळं, भाज्या, मध काही नेता येत नाही. कीड नको, आणि तिकडच्या मधमाश्यांना काही रोग अजून लागलेले नाहीत ते लागू नयेत म्हणून. हे मला पटतं, पण माझी तीन लिंबं गेली. आई, तू म्हणशील तीन लिंबांचं काय एवढं. रोज संध्याकाळी खोलीतल्या किटलीच्या पाण्यात पोहे भिजवून, वर शेंगदाण्याची चटणी आणि लिंबू, हे माझं जेवण आहे. रोडहाऊसमध्ये तळलेले बटाटे आणि मांस यांखेरीज फारसं मिळत नाही, आणि जे मिळतं ते महाग. मधाची बाटलीही गेली. अधिकारी बाई फार सभ्य होती. तिनं डिकी बघितली, सीटखाली बघितलं, चटणीचा डबा उघडून हुंगला आणि सलग चार वेळा शिंकली. चटणी सुटली.

आता वेळेची गंमत. अ‍ॅडलेड तुमच्यापेक्षा चार तास पुढं. पर्थ, कालगुर्ली वगैरे अडीच तास पुढं. मधल्या या चारपाच रोडहाऊसवाल्यांना दोन्ही सोयीचं नाही, म्हणून त्यांनी स्वतःचंच घड्याळ ठरवलंय, सरकारी नसलेलं. ते तुमच्यापेक्षा सव्वातीन तास पुढं! पाऊण तासाच्या फरकाचं घड्याळ मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण गंमत अशी की सहा दिवस पश्चिमेला चालवून मी तुमच्या पाऊण तास जवळ आले. आत्ता इथं रात्रीचे आठ वाजलेत, तुमच्याकडं पावणेपाच. आई चहा टाकत असेल, आणि नाना ‘आज साखर कमी झालीय’ म्हणत असतील.

सरहद्दीपासून बारा किलोमीटरवर युक्ला. तिथं एक म्हातारं जोडपं भेटलं, क्वीन्सलँडचं, घर विकून चारचाकीमागं कॅराव्हॅन ओढत देशभर फिरतंय. इथं असे पेन्शनर हजारोंनी आहेत. आपल्याकडं पेन्शनर विठ्ठल मंदिराच्या कट्ट्यावर बसतात, इथं कट्टाच चाकं लावून घेऊन जातात. मी नर्स आहे कळताच आजींनी मला गुडघा दाखवला. नर्स म्हटल्यावर जगभर माणसं गुडघाच दाखवतात. मग त्यांनी मला त्यांच्या गाडीतून खाली जुनं युक्ला दाखवायला नेलं. कच्चा, वाळूचा रस्ता. माझी दहा इंची चाकं तिथं रुतलीच असती.

नाना, ते बघून तुमची फार आठवण आली. वाळूच्या टेकड्यांत एक दगडी इमारत बुडालेली. छप्पर नाही, नुसत्या भिंती, खिडक्यांच्या चौकटी आणि आत माणसाच्या उंचीची वाळू. १८७७ साली सुरू झालेलं तारघर. अ‍ॅडलेडपासून ऑल्बनीपर्यंत तार ओढली, त्या लायनीवरचं हे मोठं ठाणं. पुढं १८९०च्या दशकात ससे आले. इंग्रजांनी शिकारीसाठी आणलेले ससे, त्यांनी टेकड्यांवरचं गवत खाऊन टाकलं, आणि गवतानं धरून ठेवलेली वाळू सुटली. गावात शिरली. गाव वर चढून गेलं. १९२७मध्ये तारांची लाइन रेल्वेच्या बाजूला गेली आणि तारघर बंद पडलं.

पण मला सर्वांत आवडलं ते वेगळंच. तेव्हा ही दोन वेगळी संस्थानं होती, म्हणजे वसाहती, आणि दोघांची मोर्सची लिपी वेगळी! म्हणून इथंच एका लांब टेबलाच्या एका बाजूला पूर्वेचा तारबाबू, दुसऱ्या बाजूला पश्चिमेचा. एकानं कट्टकट्ट ऐकून कागदावर उतरवायचं, कागद टेबलावरून सरकवायचा, दुसऱ्यानं तो आपल्या कट्टकट्टमध्ये पुढं पाठवायचा. दोन हातांच्या टेबलावर दोन देश. त्या टेबलावरून किती जणांच्या मरणाच्या बातम्या सरकल्या असतील. तुम्ही सांगायचात, आजी ‘तार आली’ म्हटलं की मजकूर वाचायच्या आधीच रडायला लागायची. पोस्टमनला एकदा तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही आणि तार निघाली काकांना नोकरी लागल्याची. मी त्या वाळूत उभी राहून म्हातारबुवांना ही गोष्ट सांगितली. ते इतके हसले की त्यांची टोपी उडाली. मग आम्ही तिघं टोपीमागं धावलो. आजचा दिवस वाऱ्यामागं धावण्याचाच होता.

दुपारनंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात रस्त्याखेरीज काही नाही. युक्लाहून रस्ता खाली उतरतो आणि मग उजव्या हाताला डोंगराची एक लांबच लांब कड, डावीकडं सपाट माळ, असं मदुरापर्यंत. मधे मुंड्राबिला, तिथं पेट्रोल. कडेला मेलेले कांगारू पडलेले असतात. वास आधी येतो, मग ते दिसतात, आणि त्यांच्यावर गरुड बसलेला. पंख पसरले की दोन मीटरच्या वर. पोट भरलेलं असलं की त्याला पटकन उडता येत नाही, म्हणून लांबूनच हळू व्हायचं आणि त्याची मर्जी सांभाळायची. मोठा ट्रक समोरून गेला की आधी ढकलल्यासारखं होतं आणि लगेच आत ओढल्यासारखं. हँडल घट्ट धरायचं नाही, गुडघे आवळायचे. समोरून येणारा प्रत्येक जण स्टेअरिंगवरून एक बोट उचलतो. नमस्कार तो. मी डावा हात क्लचवरून काढून अख्खा पंजा हलवते, एसटीतून कुणी ओळखीचं दिसल्यासारखा.

एक ठिकाण तुमच्यासाठी लक्षात ठेवलंय. रस्त्यावरच रुंद पांढरे पट्टे मारलेले आणि पाटी, इथं विमान उतरतं. फ्लाइंग डॉक्टरांची सेवा १९२८पासून आहे. कुणी अपघातात सापडलं तर हायवे दोन्हीकडून अडवतात आणि विमान थेट डांबरावर उतरवतात. आई, हे तुला घाबरवायला नाही, उलट सांगतेय की इथं डॉक्टर वरून येतो. मिरजेत राहून तुला वाटतं चार पावलांवर दवाखाना नसेल ते गाव गावच नाही.

आणि तू विचारणारच आहेस, म्हणून सांगते. एकटीला भीती वाटत नाही का? पहिल्या रात्री वाटली. दाराला खुर्ची लावून झोपले. दुसऱ्या रात्री खुर्चीवर कपडे वाळत घातले. अंधार पडल्यावर गाडी चालवत नाही, आणि प्रत्येक रोडहाऊसवर पुढं कुठं मुक्काम आहे ते सांगून निघते. सांगितलं नाही तरी त्यांना कळतंच, ते आता तुम्हालाही कळलंय.

चार वाजता मदुराला आले. गल्ल्यावरच्या माणसानं नाव विचारलं नाही. किल्लीला कागद बांधून ठेवला होता, त्यावर नुसतं ‘स्कूटर’. मदुरा हे अ‍ॅडलेड आणि पर्थच्या साधारण मध्यावर. नाव ऐकून मला मदुराई आठवलं. नावाचं माहीत नाही, पण नातं आहे. १८७६मध्ये इथं घोड्यांची पैदास सुरू झाली, हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेसाठी. इथं वाढवायचे, युक्लाला जहाजात चढवायचे आणि वायव्य सरहद्दीवर लढायला पाठवायचे. आपल्याकडं जुनी माणसं वेलर घोडा म्हणायची तो हाच ऑस्ट्रेलियाचा घोडा. या ओसाड माळावरून आपल्याकडं घोडे जात होते आणि आपल्याकडून इकडं उंट येत होते. दोन्हीकडच्या जनावरांना कुणी विचारलं नव्हतं.

परवा बॅलाडोनिया. त्याच्या अलीकडं रस्ता १४६ किलोमीटर एकाही वळणाशिवाय आहे. आई, बॅलाडोनिया म्हणजे स्कायलॅब पडलं तो भाग! १९७९ साली आपल्याकडं सगळ्यांना वाटत होतं ते आपल्याच डोक्यावर पडणार. आत्याच्या सासरी उद्याचं काही खरं नाही म्हणून सगळ्या कोंबड्या कापून खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवसापासून अंडी विकत आणायला लागली, ते तू किती वेळा सांगितलंयस. ते इथं पडलं. कोंबड्या बिचाऱ्या फुकट गेल्या. इथल्या एस्परन्सच्या लोकांनी अमेरिकेच्या नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंडाची पावती फाडली. बॅलाडोनियाच्या रोडहाऊसमध्ये तुकडा ठेवलाय म्हणतात. फोटो पाठवीन, आत्याला दाखव.

उद्या अनंत चतुर्दशी. यंदाही मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालेल, तुम्ही कमानीपाशी खुर्ची टाकून बसाल, आणि आई ‘दमा आहे, धुळीत बसू नका’ म्हणत राहील. ऐका तिचं. इथं बाहेर चंद्र जवळजवळ पुरा आलाय. दिवा लागत नाही इतका उजेड आहे, माळाची कड स्पष्ट दिसते, आणि ढोल नाही, ताशा नाही, एक कुत्रंसुद्धा भुंकत नाही. मी मघाशी स्कूटरच्या हेडलाइटला हळदीकुंकू लावलं. कुंकू बसलं नाही, वाऱ्यानं उडालं, हळद तेवढी राहिली.

वहिनीला नमस्कार, चिनूला पापा. औषधं वेळेवर घ्या. गोडा मसाला संपत आलाय, पण आत्ता पाठवू नका, पत्ता बदलतोय.

तुमची,
सुमी

ता. क. नाना, संध्याकाळी बघितलं तर क्लचची वायर आज थोडी ताणली गेलीय, गिअर पडताना कट्ट करतो. अ‍ॅडजस्टर दीड आटा फिरवला. फट मोजायला इथं चार आणे कुठले. पाच सेंटचं नाणं घालून बघितलं, बसलं. चालेल ना? फोन लागला की रागवायच्या आधी तेवढं सांगा.